बावन्न नग

आमच्याकडे पाहुणे जेवून उठले की माझ्या सासूबाई चमचे मोजतात. पाहुणे घराबाहेर पडेपर्यंत थांबायची त्यांना गरज वाटत नाही. माझ्या आईचा एक मावसभाऊ, तोंडाने जरा तिखट, एकदा दारात बूट घालत होता आणि आतून आवाज आला, "बावीस, तेवीस, चोवीस. आहेत सगळे!" एक बूट पायात आणि एक हातात धरून त्याने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलेले नाही. पुढे आठवडाभर मी आईला फोनवर समजावत होते, की अगं, यात तुझ्या भावाचा काही संबंध नाही. त्या कपड्यांचे चिमटे मोजतात, बाळाचे मोजे मोजतात, आमच्या इमारतीच्या पायऱ्यासुद्धा मोजतात, जणू त्यातली एखादी पायरी कुणी उचलूनच नेणार आहे.

सव्वीस वर्षं त्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात कामाला आहेत. दारावर 'निर्जंतुकीकरण विभाग' अशी पाटी आहे, पण एवढं कोण म्हणत बसणार, सगळे त्याला 'स्टराइल' म्हणतात. वर ऑपरेशन झालं की वापरलेली हत्यारं लिफ्टने खाली येतात. ती धुवायची, दात्यांत अडकलेलं बारीक ब्रशने काढायचं, वाळवायची, मोजून ट्रेमध्ये लावायची, हिरव्या कापडात दोनदा गुंडाळायची आणि वाफेच्या मोठ्या मशीनमध्ये घालायची. गठ्ठ्यावर एक चिकटपट्टी असते. वाफ नीट लागली की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. मग तो ट्रे वर जातो आणि दुसऱ्या कुणाचं तरी पोट उघडतात.

प्रत्येक ट्रेच्या आत एक चिठ्ठी असते. तारीख, एकूण नग किती, आणि ट्रे कुणी लावला त्याचं पूर्ण नाव. हे सगळं पेन्सिलीने लिहितात, कारण शाई वाफेत पसरते. पोटाच्या ऑपरेशनच्या ट्रेमध्ये बावन्न नग असतात. हा आकडा मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात पाठ झाला होता, स्वतःच्या दिराच्या वाढदिवसाच्या तारखेच्याही आधी.

मी स्वतः एका विमा कंपनीत तक्रारींचे फोन घेते. लोक ओरडतात, मी "आपली तक्रार नोंदवली आहे" म्हणते, मग ते जास्त जोरात ओरडतात. नोकरीत सगळ्यांत चांगलं काय, असं तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी 'रविवार' म्हणून मोकळी झाले असते. त्यामुळे पहाटे उठून, डबा भरून, चेहऱ्यावर कसलाही वैताग न आणता घराबाहेर पडणारी बाई मला थोडी संशयास्पदच वाटायची.

माझ्या नवऱ्याचं दुखणं वेगळं होतं. तो दहा वर्षांचा असताना त्याचे वडील गेले आणि दोन महिन्यांत आईने ही नोकरी धरली. त्याचं आणि त्याच्या धाकट्या भावाचं दूध, वह्या, बूट, सगळं त्या तळघरातून आलं, हे तो कधी विसरला नाही, आणि म्हणूनच ती नोकरी त्याला डोळ्यांसमोर नको होती. "आयुष्यभर लोकांचं रक्त धुतलंस, आता पुरे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यात प्रेम होतं, आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही होती. ऑफिसात कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "आई हॉस्पिटलमध्ये असते," आणि ती डॉक्टर आहे की पेशंट, हे समोरच्याच्या कल्पनाशक्तीवर सोडून द्यायचा.

आणि मी काही साधी नव्हते. माझी वाढवून घेतलेली बाळंतपणाची रजा संपत आली होती, मुलगी आठ महिन्यांची झाली होती आणि तिला सांभाळणार कोण, हा प्रश्न घरात रोज जेवणाच्या टेबलावर येऊन बसायचा. सासूबाईंच्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिली होती. त्यांनी आत्ताच नोकरी सोडली की माझा प्रश्न चुटकीसरशी सुटत होता. त्यामुळे नवऱ्याने "पुरे आता" म्हटलं की मी लगेच "हो ना आई, किती ती दगदग" म्हणून गोड आवाजात त्याची री ओढायचे. त्या नुसत्या हसायच्या आणि दुसऱ्या दिवसाचा डबा घासायला घ्यायच्या.

शिवाय माझ्या मनात एक अढी होती, तीही सांगून टाकते. माझी मुलगी त्याच हॉस्पिटलमध्ये झाली, ऑपरेशन करून. सकाळी नऊची वेळ ठरली होती. माझी आई तीन तासांचा प्रवास करून आली होती, नवरा बाहेर नखं खात उभा होता, आणि सासूबाई, ज्या त्याच इमारतीत तीन मजले खाली होत्या, त्या आल्या नाहीत. दुपारी ड्युटी संपल्यावर आल्या. साबणाच्या पाण्याने सुरकुतलेल्या बोटांनी नातीच्या पायाची बोटं मोजली, "दहा" म्हणाल्या आणि हसल्या. मी तोंड भिंतीकडे फिरवलं. घरात नात येते त्या दिवशी या बाईला रजा टाकता येत नाही, म्हणजे काय! माझ्या आईने तर हे तीन वेगवेगळ्या प्रकारे बोलून दाखवलं.

असं सगळं चाललेलं असताना तो मंगळवार आला.

सासूबाई रोज चारच्या आत घरी येतात. त्या दिवशी सहा वाजले. आल्या त्या हात न धुता सरळ टेबलापाशी बसल्या. बाहेरून आल्यावर हात न धुणं म्हणजे आमच्या घरात जवळजवळ गुन्हा आहे, आणि तो कायदा त्यांनीच केलेला. मी काही विचारायच्या आत त्यांनी मूठ उघडली. तळहातावर एक स्टीलचा स्क्रू होता, शर्टाच्या बटणाएवढ्या डोक्याचा.

"कुकरचा का?" मी विचारलं.

"पोटाच्या ट्रेचा," त्या म्हणाल्या. "बावन्नावा नग आहे हा."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या ट्रेमध्ये कापलेली जागा उघडी धरून ठेवणारं एक अवजार असतं आणि त्याला हा स्क्रू असतो. दोघांची मोजणी वेगळी, अवजार एक्कावन्नावं आणि स्क्रू बावन्नावा. पण स्क्रू कायम अवजारातच बसवलेला असतो, त्यामुळे इतक्या वर्षांत सासूबाईंच्या हाताला आणि तोंडाला एक लय लागून गेली होती. अवजाराला हात लागला की "एक्कावन्न, बावन्न" असं एका दमात निघायचं. सोमवारी दुपारी त्या स्क्रूच्या आट्यांत काहीतरी अडकलेलं त्यांना दिसलं. खिडकीपाशी उजेडात जाऊन त्यांनी तो ब्रशने साफ केला. तेवढ्यात वरून घाईचा निरोप आला, एक ट्रे ताबडतोब हवा होता. हातातला स्क्रू एप्रनच्या खिशात गेला, त्या धावल्या, परत आल्या आणि पुन्हा मोजायला बसल्या. अवजाराला हात लागला. एक्कावन्न, बावन्न. चिठ्ठी लिहिली, ट्रे बांधला, वाफेला लावला.

मंगळवारी त्या ट्रेने ऑपरेशन झालं. ते अवजार त्या दिवशी लागलंच नाही, तसंच बाजूला पडून राहिलं. ट्रे खाली आला. धुताना मात्र सासूबाई नेहमी डोळ्यांनी मोजतात, कारण तेव्हा हातात हातमोजे असतात. एक्कावन्नच भरले. स्क्रू नाही. त्यांनी तिथल्या नियमाप्रमाणे त्याच क्षणी वर फोन लावला.

आता ऑपरेशन थिएटरात अशा फोनचा एकच अर्थ होतो. स्क्रू पेशंटच्या पोटात राहिला. तो माणूस शुद्धीवर येत होता, त्याला परत आत घेतलं. बाहेर बसलेल्या त्याच्या बायकोला सांगितलं, की एक फोटो काढायचा राहिलाय. एकदा एक्स-रे काढला, मग कुशीवर वळवून दुसऱ्यांदा काढला. काही निघालं नाही. पुढची दोन ऑपरेशनं खोळंबली. सर्जन फोनवर जे बोलले ते सासूबाईंनी सांगितलं नाही. स्क्रू थिएटरातच कुठेतरी पडून हरवला असं ठरलं आणि तिथल्या नर्सकडून लेखी खुलासा मागवला गेला.

आणि ड्युटी संपल्यावर सासूबाईंनी एप्रन काढून लॉकरमध्ये अडकवला, तेव्हा खिशातून काहीतरी टिचकी मारल्यासारखं पत्र्यावर वाजलं.

नवरा मधेच घरी आला होता आणि उभ्या उभ्या ऐकत होता. "तुला कुणी बघितलं?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग टाकून दे ना तो गटारात. पेशंट ठणठणीत आहे, फोटोत काही आलं नाही. विषय संपला."

"संपला कसा? त्या वरच्या पोरीकडून खुलासा मागितलाय. तिच्या हातून हरवला असं धरलंय त्यांनी."

"तिने तरी कुठे मोजलं होतं? मोजलं असतं तर तिलाही एक्कावन्नच भरले असते."

"नव्हतं मोजलं," सासूबाई म्हणाल्या. "कारण मी मोजलं होतं."

तो खुर्ची ओढून बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आई, उद्या तू हे सांगितलंस तर ते तुला काढून टाकतील. सव्वीस वर्षांनंतर हाकलून दिलं असं होईल. त्यापेक्षा तब्येतीचं कारण देऊन राजीनामा दे. नाहीतरी सोडायचीच आहे. सन्मानाने घरी ये. नात आहे, घर आहे. काय कमी आहे तुला?"

हीच ती वेळ होती. मी "हो ना आई" म्हणायचं, की काम फत्ते. माझं तोंड उघडलंही होतं. पण त्यांनी तो स्क्रू टेबलावर असा अलगद उभा करून ठेवला होता आणि त्याच्याकडे अशा बघत होत्या, की माझ्या तोंडून निघालं, "उद्या तुमच्याच हॉस्पिटलात बाळाची लस आहे. मी येते तुमच्याबरोबर."

जेवणं झाली. त्यांनी भांडी विसळली आणि चमचे न मोजताच खणात ठेवले. नवरा माझ्या कानाशी पुटपुटला, "बघ, सवय सुटतेय." मला मात्र कसंतरीच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदाच ते तळघर पाहिलं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मी कधी खाली उतरले नव्हते, याची मला तिथे उभं राहिल्यावर लाज वाटली. लांबलचक खोली, पांढऱ्या फरशा, एका भिंतीला ओळीने मोऱ्या, मधोमध स्टीलची टेबलं, आणि पलीकडे माणूस उभा मावेल एवढी दोन मशीनं, सुस्कारे टाकणारी. दमट गरम हवा. मी बाळाला कडेवर घेऊन दारात थबकले, तशी धुलाईवर असलेली एक बाई ओल्या हातांनी पुढे आली.

"बावन्नबाईंच्या सूनबाई ना? आणि ही दहा बोटंवाली?"

"कोण बावन्नबाई?" मी म्हटलं.

ती अशी हसली, की मला माझ्याच घरातलं काही माहीत नाही हे तिला कळलं असावं. सगळं हॉस्पिटल माझ्या सासूबाईंना बावन्नबाई म्हणतं. लिफ्टवाला म्हणतो, मोठे डॉक्टर म्हणतात. घरी त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. मला सगळ्यांत जास्त कशाचं आश्चर्य वाटलं सांगू? त्या खोलीत शिरल्यावर त्यांची चाल बदलली होती. घरात त्या भिंतीच्या कडेकडेने चालतात. इथे खोलीच्या मधून चालत गेल्या.

विभागाच्या मुख्य सिस्टर काचेच्या केबिनमध्ये बसल्या होत्या. ते सर्जन आणि थिएटरातली ती नर्सही खुलाशासाठी तिथेच आले होते. दार उघडंच होतं. सासूबाईंनी स्क्रू टेबलावर ठेवला.

"हा माझ्या एप्रनच्या खिशात होता. ट्रे मी एक्कावन्नाचा पाठवला आणि चिठ्ठीवर बावन्न लिहिलं. या पोरीकडून काही हरवलेलं नाही."

मग सर्जन बोलले, आणि ते फार मोठ्याने बोलत नव्हते म्हणूनच ते जास्त लागत होतं.

"बाई, काल मी शुद्धीवर येणाऱ्या माणसाला परत टेबलावर घेतलं. त्याची बायको माझा हात सोडत नव्हती. तिला काय सांगितलं असेल मी?"

"मी भेटू त्यांना?" सासूबाईंनी विचारलं. "माझ्यामुळे झालं हे सांगते."

"नको," ते म्हणाले. मग नर्सकडे वळले. "मोजणीच्या कागदावर सही तुझी आहे. मोजलं होतंस का?"

ती मुलगी रडवेली झाली होती, पण खोटं बोलली नाही. "नाही, सर. बावन्नबाईंचा ट्रे होता. त्यांचा ट्रे कुणी मोजतं का?"

सर्जननी डोक्यावरची हिरवी टोपी काढून हातात घेतली. कपाळावर तिचा वळ उमटला होता. "मीही विचारत नाही," ते म्हणाले. "चिठ्ठीवरचं नाव वाचतो आणि सुरू करतो."

मुख्य सिस्टरनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "बाई, मला हे बोलायला जिवावर येतंय. पण नियम सगळ्यांना सारखाच. दोन रस्ते आहेत. आज अर्ज देऊन निवृत्ती घेतलीत तर फाइलवर काही येणार नाही, मानाने जाल. राहायचं असेल तर लेखी ताकीद मिळेल आणि महिनाभर फक्त धुलाई. ट्रेला हात लावायचा नाही. चिठ्ठीवर नाव नाही."

इतका वेळ सासूबाई ताठ उभ्या होत्या. कामावरून काढतील म्हणून त्या घाबरल्या नव्हत्या, सर्जनच्या बोलण्याने हलल्या नव्हत्या. 'चिठ्ठीवर नाव नाही' हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "जरा विचार करून सांगते," एवढंच म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

बाहेर भिंतीला लागून पत्र्याचे अरुंद लॉकर होते. त्यांनी गळ्यातल्या दोऱ्याची किल्ली काढून आपला उघडला. ही किल्ली मी रोज बघत होते आणि ती घरातल्या कपाटाची आहे असं समजत होते. घरात तर त्यांच्या नावाचा एक खणही नव्हता. त्यांचे कपडे बाळाच्या दुपट्यांच्या शेजारी, माझ्या कपाटात. दारावरच्या पाटीवर आधी सासऱ्यांचं नाव होतं, आता नवऱ्याचं आहे. लॉकरमध्ये एप्रन होता, रबरी चपला, कंगवा, हाताला लावायच्या मलमाची चपटी डबी. आणि दाराच्या आतल्या बाजूला पट्टीने चिकटवलेली एक चिठ्ठी. वाफेने तिच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. पेन्सिलीने लिहिलेलं होतं: नग बावन्न. खाली त्यांचं पूर्ण नाव, ठसठशीत, शाळेतल्या मुलीने लिहावं तसं. वर तारीख होती.

तारीख माझ्या मुलीच्या जन्माच्या आदल्या दिवसाची होती.

"हे काय आहे, आई?"

"तुझा ट्रे," त्या म्हणाल्या, जणू मी टिफिनच्या डब्याबद्दलच विचारलं होतं. "आदल्या दिवशी दुपारी लावला. तीनदा मोजला. त्या दिवशी रजा काढून वर बाकावर बसले असते तर काय केलं असतं मी? तुझ्या नवऱ्यासारखी नखं खाल्ली असती. आत अचानक काही जादा लागलं असतं तर दुसरा ट्रे कुणाच्या हातचा गेला असता, कुणास ठाऊक. म्हणून खालीच थांबले."

मी चिठ्ठी हळूच पलटली. मागे दुसऱ्याच कुणाच्या घाईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मुलगी. नऊ वीस. दोघी छान.'

"नंतर मागून घेतली मी ती," सासूबाई म्हणाल्या. "वरच्या सिस्टरने आधी फोन केला होता. मुलगी झाली हे आपल्या घरात पहिल्यांदा मला कळलं. तुझ्या नवऱ्याच्याही आधी. त्याला सांगू नकोस, उगाच तोंड पाडून बसेल."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू भिंतीकडे तोंड करून झोपली होतीस," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, हेच जास्त वाईट होतं.

मला रडू आलं. बाळाला वाटलं काहीतरी गंमत आहे, ती माझ्या नाकाला हात लावून हसायला लागली. आठ महिने मी ज्या बाईवर मनातून रुसून होते, ती बाई तीन मजले खाली नव्हतीच. आम्ही सगळे तिला बाहेर समजत होतो आणि ती माझ्याबरोबर आत होती, बावन्न वेळा हात लावून तपासलेली, हिरव्या कापडात दोनदा गुंडाळून. माझ्या आईला, नवऱ्याला, कुणालाच ज्या दारातून आत सोडलं नाही, त्या दारातून त्यांचं नाव आत गेलं होतं.

"पहिली चार वर्षं मी नुसतं धुवायचे," त्या चिठ्ठीकडे बघत म्हणाल्या. "मग आधीच्या सिस्टरनी एक दिवस हातात पेन्सिल दिली. म्हणाल्या, नाव लिहा. मी विचारलं, कुणाचं? खरंच विचारलं हं. मला वाटलं डॉक्टरांचं लिहायचं असेल. म्हणाल्या, अहो, तुमचं. तुम्ही लावलाय ना ट्रे?" त्या थांबल्या. "पगार तर पहिल्या महिन्यापासून मिळत होता. घरी येऊन मी रडले ती त्या दिवशी."

माझा फोन वाजला. नवरा होता. "काय झालं? दिला का राजीनामा?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना माझा स्वार्थ माहीत नव्हता असं मी इतके दिवस समजत होते. त्या नजरेवरून कळलं, की त्यांना तो पहिल्या दिवसापासून माहीत होता आणि त्यांनी त्याचा मला कधी राग दाखवला नव्हता. "तू सांग," त्या हळूच म्हणाल्या. "तुझीही नोकरी आहे. तू म्हणशील तसं करते."

"नाही दिला," मी फोनमध्ये म्हटलं. "महिनाभर धुणार आहेत, मग पुन्हा ट्रे लावणार आहेत."

"आणि बाळाचं काय?"

"बाळाचं आपण दोघं बघू. तिचे आई-बाप आपण आहोत."

सासूबाईंनी लॉकर बंद केला, कुलूप ओढून बघितलं आणि केबिनकडे निघाल्या. खोलीच्या मधून.

तो महिना सोपा गेला नाही. माझी मुलगी पाळणाघरात पहिले पाच दिवस रडली, आणि ती रडायची थांबल्यावर मी रडले. नवरा ऑफिसातून लवकर निघायला शिकला, बाळाला भरवायला शिकला आणि दोन्ही गोष्टींचं कौतुक करून घ्यायला शिकला. एकदा जेवताना त्याचा मित्र म्हणाला, "काकू हॉस्पिटलमध्ये काय करतात?" तर माझ्या नवऱ्याने घसा खाकरून सगळं सांगितलं, वाफेच्या पट्टीवरच्या काळ्या रेघांसकट. सासूबाई खाली मान घालून भात कालवत होत्या. त्या महिनाभर मोऱ्यांपाशी उभ्या राहिल्या. त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान मुली ट्रे लावायच्या, आणि त्या एक अक्षरही न बोलता त्यांना धुतलेली हत्यारं नेऊन द्यायच्या. पाय सुजायचे. तक्रार एकदाही केली नाही. चमचे मात्र महिनाभर मोजले नाहीत.

माझ्यातही एक बारीकसा फरक झाला. आमच्या फोनवर नाव सांगायचा नियम नाही, 'ग्राहक सेवा' म्हटलं की पुरतं. कामावर परत गेल्याच्या पहिल्या दिवशी एक आजोबा ओरडत होते, चौथ्यांदा फोन केलाय म्हणत होते, आणि मी त्यांना माझं पूर्ण नाव सांगितलं. ते एकदम गप्प झाले. "म्हणजे उद्या फोन केला तर तुम्हालाच मागू?" म्हणाले. मी म्हटलं, "मलाच मागा." त्यांचं काम करायला मला तीन दिवस लागले. शेवटी ते फक्त "बरं झालं" म्हणाले, आणि मी दिवसभर कारण नसताना हसत होते. रविवार अजूनही आवडतो, पण विचारलं तर आता एकदम तेच उत्तर येणार नाही.

महिना संपला त्या दिवशी नवरा चारच्या आधीच घरी येऊन बसला होता. सासूबाईंनी आत पाऊल टाकलं तसं त्याने विचारलं, "लावला ट्रे?"

"हात तर धुऊ दे." त्यांनी सावकाश हात धुतले, पुसले, खुर्चीवर बसल्या. "लावला. पोटाचा."

"मग? वर काय म्हणाले?"

"वर आता नवीनच पद्धत काढलीय. ट्रे उघडला की सिस्टर एकेक नग हातात घेऊन मोठ्याने मोजते. डॉक्टर हात बांधून उभे राहून ऐकतात. स्क्रू फिरवून बघतात. सगळं बरोबर भरलं की मग खाली फोन करतात, बावन्न, म्हणून. तोवर सुरू करत नाहीत." त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मला चिठ्ठीवरचं ते ठसठशीत अक्षर आठवलं. "माझ्यावर आता तिथे कुणाचा काडीचा विश्वास राहिला नाही. किती छान झालं!"

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. खण उघडल्याचा आवाज आला, मग एकेक चमचा ओट्यावर ठेवल्याचा. "तेवीस, चोवीस. आहेत."

नवरा जागचा उठला, आत गेला आणि तेच चमचे पुन्हा एकापासून मोजायला लागला. सासूबाई हात बांधून शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या.